‘मी कुठे आहे?’ : रुग्णालयातील वाटशोधाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या आत्यांना घेऊन आम्ही एका शहरातील मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. हे वाचताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापले एक रुग्णालय उभे राहीलच. आत्यांच्या पोटाचा सीटी स्कॅन करायचा होता आणि त्याआधी रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल हवा होता. (स्कॅनच्या वेळी शिरेतून जे औषध देतात ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडे ठीक आहेत ना हे आधी पाहतात.) केसपेपर नव्या इमारतीत निघाला, रक्त जुन्या इमारतीत दिले आणि अहवाल मिळण्याची खिडकी तिसऱ्याच इमारतीत निघाली. या इमारती पुलांनी जोडलेल्या होत्या, पण नव्या इमारतीचा दुसरा मजला जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला जोडलेला होता. हे जिथे कळायला हवे तिथे लिहिलेले नव्हते. खिडकी दुपारी एकला बंद होते असे आम्हांला सांगितले होते. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा एक वाजून सात मिनिटे झाली होती. स्कॅन पुढच्या आठवड्यावर गेला.

मोजमापे करण्यातच ज्यांची पंधरा-वीस वर्षे गेली आहेत, अशा माणसाला आपण कुठे आहोत हे सांगता येऊ नये याची त्या दिवशी आम्हांला लाज वाटली. खिशातला मोबाइल काढून पाहिला. त्यावरचा निळा ठिपका रुग्णालयाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या पेट्रोल पंपावर डुलत होता. शेवटी फरशी पुसणाऱ्या एका मावशींनी आमची सुटका केली. “आजींना इथं बाकावर बसवा दादा. तुम्ही गणपतीच्या फोटोपासून डाव्या हाताला वळा, स्पिरिटचा वास आला की उजवीकडं.” आम्ही वळलो आणि पोहोचलो.

त्यानंतर कुतूहल म्हणून आम्ही या विषयावरचे जुने-नवे शोधनिबंध जमवायला लागलो. इमारतीच्या आत वाट दाखवणाऱ्या यंत्रांचा इतिहास वाटला होता त्यापेक्षा बराच जुना निघाला, आणि त्यात रुग्णालय पुन्हापुन्हा येते असेही दिसले.

रुग्णालयाचा चक्रव्यूह कसा झाला

रुग्णालये नेहमीच अशी नव्हती. अठराव्या शतकात पॅरिसच्या ओतेल-द्यू या प्रचंड रुग्णालयात एका खाटेवर अनेक रुग्ण झोपवले जात. १७७२ मध्ये तिथे मोठी आग लागली. पुढे १७८८ मध्ये झाक तेनाँ या शल्यचिकित्सकाने पॅरिसच्या रुग्णालयांविषयी एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळच्या विचारमंथनातून एक नवी रचना पुढे आली : लांबट, सुटे सुटे कक्ष, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि सगळ्यांना जोडणारा एकच मार्ग. १८५४ मध्ये पूर्ण झालेले पॅरिसचे लारिबोआझिएर रुग्णालय या पद्धतीचे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधील आपल्या पुस्तकात याच रचनेचा हिरिरीने पुरस्कार केला. लंडनचे सेंट टॉमस रुग्णालय १८७१ मध्ये असेच उभे राहिले. कंगव्याच्या दात्यांसारखे कक्ष आणि मधला दांडा म्हणजे बोळ. अशा इमारतीत हरवायचे म्हटले तरी जमत नाही.

गंमत अशी की, ही रचना ज्या समजुतीवर आधारलेली होती ती बरीचशी चुकीची होती. रोग दूषित हवेतून पसरतात, म्हणून हवा खेळती हवी, असा त्यामागचा तर्क होता. जंतूंचा शोध लागला, लिफ्ट आली, १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, प्रयोगशाळा वाढल्या, वातानुकूलनामुळे खिडकीची गरज उरली नाही. मग सुटे कक्ष जाऊन मोठमोठे ठोकळे आले. रुग्णालय बंद ठेवून नवे बांधता येत नाही, म्हणून दर पाच-दहा वर्षांनी एक नवा भाग जुन्याला चिकटवला जातो. मुंबईचे जे. जे. (१८४५) किंवा पुण्याचे ससून (१८६७) यांची मूळ वास्तू आणि तिच्याभोवती वाढत गेलेल्या इमारती पाहिल्या की हा इतिहास पुस्तकाशिवाय वाचता येतो. जॉन वीक्स या ब्रिटिश वास्तुरचनाकाराने लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात (१९७०) ही वाढ आधीच गृहीत धरून, सर्व विभागांना जोडणारा एक अंतर्गत ‘रस्ता’ आखला होता. पण असे प्रयत्न विरळाच.

‘वेफाइंडिंग’ हा इंग्रजी शब्द रुळवला तो केव्हिन लिंच यांनी, १९६० च्या शहररचनेवरील ग्रंथात. माणूस शहर लक्षात ठेवतो ते रस्ते, कडा, भाग, चौक आणि ठळक खुणा यांच्या आधाराने, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मावशींनी लिंच वाचलेले नव्हते, पण त्यांनी दिलेली वाट तंतोतंत लिंच यांच्या पद्धतीची होती : चौक, खूण, वळण.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे नवे रुग्णालय बांधताना जॅनेट कार्पमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांनाच विचारून रचना ठरवण्याचा मोठा प्रयोग केला. प्रत्येक महत्त्वाच्या चौकात पाटी हवी, आणि चौक नसेल तरी दर १५० ते २५० फुटांवर एक पाटी हवी, ही त्यांची शिफारस आजही सांगितली जाते. लांब बोळात मधे काहीच नसेल तर माणसाला आपण चुकलो असे वाटू लागते व तो मागे फिरतो, हे त्यामागचे कारण.

आणि चुकण्याची किंमत? क्रेग झिमरिंग यांनी १९९० मध्ये अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या ६०४ खाटांच्या रुग्णालयाचा हिशेब मांडला. वाट सांगणे हे ज्यांचे कामच नाही अशा डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांचे वर्षाला ४५०० पेक्षा जास्त तास लोकांना वाट सांगण्यात जात होते. एकूण खर्च वर्षाला २,२०,००० डॉलरहून अधिक निघाला. यात रुग्णाची हुकलेली वेळ आणि त्याच्या जिवाची घालमेल धरलेली नाही. ती धरायची कशी हा प्रश्नच आहे.

पहिला प्रवासी माणूस नव्हता

रुग्णालयाच्या आत संगणकाच्या आधाराने वाट काढणारा पहिला प्रवासी रुग्ण नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. ते एक यंत्र होते. कारखान्यातील यंत्रमानवाचे जनक म्हणून ओळखले जाणारे जोसेफ एंगलबर्गर यांनी ऐंशीच्या दशकात ‘हेल्पमेट’ नावाचा एक फिरता यंत्रमानव तयार करवला. त्याची पहिली नोकरी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी रुग्णालयात. काम साधे होते : जेवणाची ताटे, औषधे, तपासणीचे नमुने एका विभागातून दुसऱ्या विभागात नेऊन पोहोचवायचे.

हेल्पमेटला वाट कशी सापडे हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. त्याच्या स्मृतीत इमारतीचा नकाशा होता. चाके किती फिरली हे मोजून तो आपण किती पुढे आलो याचा अंदाज बांधी. पण चाक थोडे घसरते, फरशी ओली असते, आणि प्रत्येक मीटरमागे राहिलेली बारीकशी चूक साठत जाते. समुद्रावरचे जुने खलाशी वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून जहाजाची जागा काढत, तेव्हा त्यांनाही हीच अडचण होती. मग ते तारे पाहून चूक दुरुस्त करत. हेल्पमेटला तारे कुठून मिळणार? तो ध्वनिलहरी सोडून बाजूच्या भिंतीचे अंतर मोजे, आणि कॅमेऱ्याने छताकडे पाही. बोळाच्या छतावर दिवे ठराविक अंतराने लावलेले असतात आणि माणसांनी कितीही गर्दी केली तरी छत मोकळेच राहते. छताचे दिवे हेच त्याचे तारे. लिफ्टला तो रेडिओ संदेश पाठवून बोलावून घेई.

मोजत जायचे आणि मधूनमधून एखाद्या पक्क्या खुणेवरून चूक पुसायची, हे तत्त्व आजच्या मोबाइलमध्येही तसेच आहे. चाकाऐवजी तिथे पावले मोजली जातात, एवढाच फरक.

भिंत न ओलांडणारा प्रकाश

याच सुमारास, १९८९ नंतर, इंग्लंडमधील केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वॉन्ट, अँडी हॉपर व त्यांचे सहकारी एका वेगळ्याच अडचणीवर काम करत होते : माणूस इमारतीत नेमका कुठे आहे हे टेलिफोनवर बसलेल्या बाईंना कसे कळावे? ‘ॲक्टिव्ह बॅज’ या त्यांच्या योजनेवरचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीलाच रुग्णालयाचे उदाहरण आहे. आणीबाणीच्या वेळी कर्मचारी आणि रुग्ण कुठे आहेत हे ताबडतोब कळायला हवे, असे ते म्हणतात. १९५० च्या दशकापासून न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णालयांत पेजर आले होते. पण पेजर वाजला की डॉक्टरने फोन शोधत धावायचे, ही उलटी तऱ्हा होती.

हा बिल्ला ५५ मिलिमीटर लांब-रुंद आणि वजनाला ४० ग्रॅम. दर १५ सेकंदांनी तो एक दशांश सेकंदभर अवरक्त किरणांची लुकलुक करी. टीव्हीचा रिमोट करतो तशीच, पण प्रत्येक बिल्ल्याची लुकलुक वेगळी. खोलीखोलीत लावलेले संवेदक ती टिपत आणि संगणकाच्या पडद्यावर नाव व खोली उमटे.

अवरक्त किरण का निवडले, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मुले बहुधा म्हणतील, स्वस्त असतात म्हणून. ते खरेच आहे. पण मोठे कारण हे की, अवरक्त किरण भिंतीतून जात नाहीत. एरवी जो दोष वाटला असता तो इथे गुण ठरला. संवेदकाला बिल्ला दिसला म्हणजे माणूस त्याच खोलीत आहे, शेजारच्या खोलीत असू शकत नाही. रुग्णालयात मीटर-सेंटीमीटरपेक्षा ‘कोणत्या खोलीत’ हेच महत्त्वाचे असते. मधे एकच भिंत असली आणि तिच्यापलीकडे तुम्ही अवघ्या दीड मीटरवर असलात, तरी दाराने तिथे पोहोचायला दीडशे मीटर चालावे लागू शकते.

अवरक्त किरणांचा असाच उपयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या स्मिथ-केटलवेल नेत्रसंशोधन संस्थेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘बोलक्या पाट्यां’साठी झाला होता. पाटीतून अवरक्त किरण सुटत, अंध व्यक्ती हातातला ग्राहक फिरवून बघे, आणि तो नेमका पाटीकडे रोखला गेला की पाटीवरचा मजकूर ऐकू येई. दिशा आणि नाव दोन्ही एकदम मिळे. इतकी साधी आणि देखणी कल्पना आम्ही क्वचितच पाहिली आहे.

बिल्ल्याच्या बाबतीत मात्र एक खटकणारी गोष्ट होती, आणि ती त्या संशोधकांनीही लपवली नाही. मला वाट सापडावी म्हणून इमारतीला मी कुठे आहे ते कळवावे लागते. परिचारिका किती वेळ कोणत्या खाटेपाशी होती, किती वेळ चहाला गेली, हे सगळे नोंदले जाऊ शकते. अमेरिकेतील एमआयटीत २००० साली प्रियांथा, चक्रवर्ती व बालकृष्णन यांनी ‘क्रिकेट’ ही पद्धत मांडली तेव्हा त्यांनी हे उलट केले. छतावरची छोटी यंत्रे एकाच क्षणी रेडिओ लहर आणि श्रवणातीत ध्वनी सोडत. रेडिओ लहर तत्क्षणी पोहोचे, ध्वनी मागून येई. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून आपण अंतर काढतो तसेच हे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे तीन मीटरला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. गणित हातातल्या यंत्रात होई, त्यामुळे ‘मी कुठे आहे’ हे फक्त मलाच कळे. ध्वनीही भिंतीला अडतो, म्हणून खोली चुकत नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासातील ही सर्वांत समंजस योजना होती. ती रुळली नाही याचे कारण सोपे आहे : ते खास यंत्र कोणाच्याच खिशात नव्हते.

त्याउलट, माग ठेवण्याची निकडच पडते असेही प्रसंग येतात. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा सिंगापूरच्या अलेक्झांड्रा रुग्णालयात कर्मचारी, रुग्ण व अभ्यागत यांना रेडिओ बिल्ले देण्यात आले. कोणी बाधित निघाला तर तो कोणाकोणाच्या जवळ गेला होता हे शोधण्यासाठी. तिथे खाजगीपणाचा मुद्दा मागे पडला, आणि त्या आठवड्यांत तो मागे पडणे योग्यच होते असे आम्हांला वाटते. साथ ओसरल्यावर त्या नोंदींचे काय करायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी नव्याने विचारायला हवा.

उपग्रह का हात टेकतात

आता निळ्या ठिपक्याकडे वळू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. १९८३ मध्ये सोव्हिएत हद्दीत भरकटलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेने ही लष्करी यंत्रणा सर्वांना खुली करण्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. मे २००० मध्ये नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकण्यात आली, आणि शंभर मीटरपर्यंत जाणारा घोळ दहा-वीस मीटरवर आला. त्या दिवसापासून जगभर लोकांची अशी समजूत होत गेली की वाट शोधण्याचा प्रश्न सुटला.

उघड्यावर तो सुटलाही. पण उपग्रहावरून निघालेली लहर आपल्यापर्यंत येते तेव्हा तिची शक्ती किती उरते? एका वॉटचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातील एका भागाचे पुन्हा एक अब्ज भाग करावेत, तेवढी. काँक्रीट आणि त्यातल्या सळ्या यांच्यातून जाताना तीही घटते. जी काही आत शिरते ती भिंतींवर आपटत, वळसे घेत येते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर जातो, आणि जीपीएसचे सारे गणित या वेळेवर उभे आहे. लहर वळसा घेऊन आली की यंत्राला उपग्रह तेवढा लांब वाटतो आणि ठिपका पेट्रोल पंपावर जातो. त्यात मजला कोणता हे तर विचारूच नये. आपल्या देशाची ‘नाविक’ ही उपग्रह यंत्रणा (तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला) याच निसर्गनियमाने बांधलेली आहे.

मजल्याचा प्रश्न सुटला तो मात्र सतराव्या शतकातील शोधाने. तोरिचेल्लीचा वायुभारमापक आता मोबाइलमध्ये बसवता येतो. २०११ पासून काही मोबाइलमध्ये तो येऊ लागला. एका मजल्याची उंची साडेतीन मीटर, हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम, गुरुत्वत्वरण ९.८, गुणाकार केला की सुमारे ४१ पास्कल येतात. एकूण वायुदाब एक लाख पास्कल. म्हणजे अडीच हजारांत एक भाग एवढा फरक ओळखला की जिना चढलो हे कळते. दहावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर करता येईल.

आडव्या दिशेच्या प्रश्नाला २००० साली एक चतुर उत्तर मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी विचार केला की, संगणक जोडण्यासाठी इमारतीत बिनतारी केंद्रे बसवली जातातच, मग त्यांच्याच लहरी वापरल्या तर? ४३.५ मीटर लांब व २२.५ मीटर रुंद मजला, त्यावर पन्नासहून अधिक खोल्या आणि तीन केंद्रे. त्यांनी ७० ठिकाणी उभे राहून प्रत्येक केंद्राची लहर किती जोरात येते ते नोंदवून ठेवले. जणू प्रत्येक जागेचा अंगठ्याचा ठसाच घेतला. नंतर कुठेही उभे राहून मोजायचे आणि कोणता ठसा सर्वांत जवळचा वाटतो ते पाहायचे. निम्म्या वेळा चूक तीन मीटरच्या आत राहिली.

या निबंधातील आम्हांला सर्वांत आवडलेला भाग असा की, त्यांनी प्रत्येक ठिकाणी चारही दिशांना तोंड करून मोजमापे घेतली. कारण माणसाचे शरीर म्हणजे बरेचसे पाणी, आणि पाणी या लहरी शोषते. पाठ केंद्राकडे असली की लहरीची शक्ती जवळजवळ तिपटीने कमी भरू शकते. आता हीच गोष्ट रुग्णालयात नेऊन पाहा. रात्री रिकाम्या बोळात घेतलेला ठसा आणि सकाळी ओपीडीच्या वेळी, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोनशे माणसांमध्ये मिळणारा ठसा एकच कसा असेल? शिवाय क्ष-किरण विभागाच्या दारांत शिसे, एमआरआयची खोली तर पूर्ण धातूच्या आवरणात. आणि तीन मीटरची चूक म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : भिंतीच्या अलीकडे की पलीकडे? रेडिओ लहर भिंत ओलांडते, म्हणून सोयीची. आणि ओलांडते म्हणूनच अडचणीची.

२०१० मध्ये कमी ऊर्जेवर चालणाऱ्या ब्लूटूथचे मानक ठरले आणि २०१३ मध्ये ॲपलने त्यावर आधारलेली ‘आयबीकन’ ही पद्धत जाहीर केली. नाण्याएवढ्या घटावर वर्ष-वर्ष चालणारी छोटी यंत्रे भिंतींवर चिकटवायची आणि मोबाइलने त्यांची हाक ऐकायची. आज परदेशातील मोठ्या रुग्णालयांच्या मोबाइल ॲपमध्ये वाट दाखवली जाते ती बहुधा या किंवा वायफायच्या आधाराने. मोठ्या रुग्णालयात अशी शेकडो यंत्रे लागतात. त्यांचे घट कोणी, केव्हा बदलायचे हे एखाद्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले नसेल तर दोन वर्षांत नकाशाला भोके पडतात.

प्रत्यक्ष वाट काढणे हा यातला सोपा भाग. नेदरलँड्सचे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीस मिनिटांत त्याची रीत शोधली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. चौक म्हणजे बिंदू, बोळ म्हणजे रेषा, प्रत्येक रेषेवर अंतर लिहायचे आणि सर्वांत जवळच्या बिंदूपासून एकेक पाऊल पुढे सरकायचे. रुग्ण चाकांच्या खुर्चीत असेल तर जिन्यांच्या रेषा खोडून टाकायच्या आणि तीच रीत पुन्हा वापरायची. साठ-पासष्ट वर्षे हे उत्तर तयार आहे. अडले आहे ते आधीच्या प्रश्नावर : आत्ता मी कुठे आहे आणि माझे तोंड कुठे आहे?

तोंड कुठे आहे, हा प्रश्न फार जण विसरतात. मार्व्हिन लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८२ व १९८४ मध्ये भिंतीवरच्या ‘आपण येथे आहात’ नकाशांचा अभ्यास केला. नकाशात जे वर आहे ते बघणाऱ्याच्या समोर असायला हवे. तसे नसेल तर चांगली शहाणी माणसेही उलट्या दिशेने चालू लागतात. आपल्याकडे नकाशाच्या वरच्या बाजूला उत्तर हे शाळेत इतके पक्के शिकवलेले असते की, नकाशा लावणाराही भिंत कोणत्या दिशेची आहे हे न पाहता तो तसाच ठोकून देतो.

गेल्या वर्षी आत्यांना घेऊन आम्ही पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो. आता तिथे चौकाचौकांत क्यूआर कोडचे कागद चिकटवलेले आहेत. मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी जपानमध्ये १९९४ साली निघालेला हा चौकोनी ठिपक्यांचा ठसा वाटशोधासाठी फार चांगला आहे, असे आमचे मत आहे. त्याला घट लागत नाही, गर्दीने तो बिघडत नाही, तो खोली चुकवत नाही, आणि मोबाइलचा कॅमेरा रोखला की आपण नेमके कुठे आहोत हे कळते. आम्ही उत्साहाने कॅमेरा रोखला. नकाशा उघडला, जागा बरोबर होती. बाण मात्र मागच्या भिंतीकडे दाखवत होता, कारण आम्ही लिफ्टच्या पोलादी दारापाशी उभे होतो आणि मोबाइलमधील होकायंत्र त्या लोखंडाला भुलले होते. पाच-सात पावले बाजूला सरकल्यावर बाण फिरला. पाट्यांवर लिहिले होते ‘विकृतिशास्त्र विभाग’ आणि आत्या विचारत होत्या, “अरे, रक्त कुठं घेतात?” दोन्ही एकच, हे नकाशालाही ठाऊक नव्हते, ‘रक्त’ असे लिहून शोधले तर तो थेट रक्तपेढीकडे नेत होता.

त्या मावशी तिथेच होत्या. रंगकामाच्या वेळी गणपतीचा फोटो काढून दुसऱ्या जिन्यापाशी लावला आहे, तेव्हा आता ‘पाण्याच्या टाकीपासून डावीकडं’ असे सांगायचे, हे त्यांनी आत्यांना आम्ही विचारण्याआधीच सांगून टाकले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि खिडकी उघडी होती.